रेइशी : श्रद्धेपासून कसोटीपर्यंत

कुजक्या लांकडावर उगवणारें, लाखेसारखी तकाकी असलेलें एक तांबूस भूछत्र चीन देशांत सुमारें दोन हजार वर्षें पूज्य मानलें गेलें आहे. चिनी लोक त्यास लिंगझी म्हणतात, जपानी लोक रेइशी. 'शेन्नोंग बेन्त्साव जिंग' या प्राचीन निघंटूंत ३६५ औषधींचे तीन वर्ग केले असून या भूछत्रास आयुष्य वाढविणाऱ्या उत्तम वर्गांत स्थान दिलें आहे.

या श्रद्धेवर थोर चिनी वैद्य ली शिझेन यानें कठोर टीका केली. त्याच्या मृत्यूनंतर, १५९६ सालीं, छापून निघालेल्या ग्रंथांत त्यानें या भूछत्रास अंगावरील आवाळूची उपमा दिली, आणि तें खाऊन अमरत्व मिळतें ही समजूत खुळी ठरविली. तथापि औषध म्हणून त्याची नोंद मात्र त्यानें वगळली नाहीं.

मधुमेहाच्या संशोधनांत रेइशी आली ती विसाव्या शतकांत. जपानांतील तोहोकु विद्यापीठाच्या हिरोशी हिकिनो यांनीं सहकाऱ्यांसह तिच्यांतून दोन द्रव्यें वेगळीं केलीं व त्यांस 'गॅनोडेरन अ' आणि 'गॅनोडेरन ब' अशीं नांवें दिलीं. हीं द्रव्यें उंदरांच्या उदरपोकळींत टोचतां रक्तांतील साखर उतरली, असें त्यांनीं १९८५ सालीं प्रसिद्ध केलें. शोध महत्त्वाचा खरा. परंतु मनुष्य रेइशी टोचून घेत नाहीं, तिची पूड गिळतो. जठरांत व आंतड्यांत गेलेला पदार्थ जशाचा तसा रक्तांत उतरतोच असें नाहीं.

मनुष्यावरील एक काटेकोर परीक्षा ऑस्ट्रेलियांत झाली. तिचा निष्कर्ष २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. मधुमेहाच्या ८४ रोग्यांपैकीं कांहींना रेइशी, कांहींना रेइशीसह दुसरी एक बुरशी, व उरलेल्यांना गुणहीन पूड अशी १६ आठवडे दिली. कोणास काय मिळालें हें रोग्यासहि ठाऊक नव्हतें व तपासणारासहि नव्हतें. अखेर साखरेच्या मापांत रेइशीचा लाभ दिसून आला नाहीं.

१९२२ च्या जानेवारींत टोरोंटो येथें चौदा वर्षांच्या एका मुलास इन्शुलिन टोचलें गेलें. पहिला अर्क अशुद्ध निघाला. कांहीं दिवसांनीं दिलेल्या शुद्ध अर्कानें साखर उतरली. तत्पूर्वीं कोंवळ्या वयांत हा रोग जडला म्हणजे मृत्यु जवळजवळ अटळ असे. भूछत्रांतून उद्यां एखादें उपयुक्त औषध निघेलहि. परंतु तोंपर्यंत पुडीच्या भरंवशावर जो इन्शुलिन सोडील, त्यानें उंदरावरील आशेसाठीं मनुष्यावर सिद्ध झालेला आधार टाकला असें होईल.