कुलूप, किल्ली आणि ठेव

काशीतील पंचगंगा घाटावरून गंगेच्या प्रवाहाबरोबर चालू लागले, की आधी दुर्गा घाट लागतो आणि त्याच्या शेजारीच ब्रह्मा घाट. गोदाकाठच्या कायगावाहून काशीस येऊन राहिलेले नारायण दीक्षित पाटणकर यांचे नाव या दोन्ही घाटांच्या बांधणीशी अठराव्या शतकापासून जोडले गेले आहे. गौड सारस्वतांचा काशी मठ इथलाच. काशीतील महाराष्ट्रीयांनी १८९८ साली आरंभिलेल्या सार्वजनिक गणेशोत्सवाचे नातेही इथल्या आंग्रे वाड्याशी आहे. या वस्तीतील जुन्या वाड्यांची दारे म्हणजे जाड फळ्या, आतून अडसर आणि बाहेरून कडी, कोयंडा व कुलूप. अशा दारामागे घरमालकाचे स्वतःचे किडुकमिडुक असे, तसेच परक्याने विश्वासाने हवाली केलेली ठेवही असे. दूरदेशाहून आलेला यात्रेकरू ज्याच्या घरी उतरे, त्याच्याच कुलपावर निर्धास्तपणे झोपे.

म्हणून कुलूप ही नुसती लोखंडी वस्तू नव्हे. तो एका माणसाने दुसऱ्याला दिलेला शब्द असतो. या शब्दाचा इतिहास दोन बाजूंनी सांगता येतो. एक बाजू कुलूप लावणाऱ्याची, आणि दुसरी ते किल्लीवाचून उघडणाऱ्याची. दुसरी बाजू सांगताना सभ्य माणसाची जीभ जराशी अडखळते. परंतु कुलूप आज जितके भक्कम आहे, तितके ते या दुसऱ्या बाजूमुळेच झाले आहे, हे इतिहास पाहिला म्हणजे मान्य करावे लागते.

ब्रह्मा घाटाच्या परिसरात ज्या संस्कृत विद्येची पिढ्यान्‌पिढ्या उपासना झाली, त्या विद्येनेही हा विषय अस्पृश्य मानलेला नाही. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तील शर्विलक मराठी रसिकांना गोविंद बल्लाळ देवलांच्या संगीत नाटकामुळे घरच्यासारखा परिचित आहे. हा चतुर्वेदी ब्राह्मणाचा पुत्र रात्री चारुदत्ताच्या भिंतीला भोक पाडावयास येतो, तो कार्तिकेयाला आणि आपल्या गुरुपरंपरेला वंदन करून. भिंतीचे भोक कमळाच्या आकाराचे करावे, चंद्रकोरीचे करावे की पूर्णकुंभाचे, याचा तो शास्त्रोक्त विचार करतो. मोजण्याची दोरी घरी विसरल्याचे ध्यानात येताच तो गळ्यातील यज्ञोपवीत काढतो आणि त्याचे उपयोग मोजतो. त्याने भोक मापता येते, अंगावरच्या दागिन्यांचे फासे सैल करता येतात, यंत्राने घट्ट केलेले कवाड उघडता येते आणि साप चावलाच तर जखमेवर बांधताही येते. यंत्राने घट्ट केलेले कवाड उघडणारे सूत्र! किल्लीवाचून दार उघडण्याच्या हत्याराचा इतका मार्मिक उल्लेख प्राचीन वाङ्मयात क्वचितच सापडेल.

दंडीच्या ‘दशकुमारचरिता’तील अपहारवर्मा याहून अधिक सज्ज आहे. कर्णीसुताने घालून दिलेल्या मार्गाने जावयाचे ठरवून तो रात्री बाहेर पडतो, तेव्हा त्याच्याजवळ फणिमुख, काकली, संदंशक म्हणजे चिमटा, मानसूत्र म्हणजे मापाची दोरी, कर्कटक, रज्जू, दीपपात्र आणि दिवे विझविण्यासाठी भुंग्यांची डबी असा सरंजाम असतो. शर्विलकाचे एक सूत्र आणि अपहारवर्म्याची ही पोतडी यांतील अंतर लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुढे त्याचे कारण येईल. कौटिल्यानेही ‘अर्थशास्त्रा’च्या कंटकशोधन अधिकरणात फोडलेल्या घराची तपासणी कशी करावी आणि हे काम आतल्याचे की बाहेरच्याचे, हे कसे ओळखावे, याचा विचार केला आहे. फोडणाऱ्याची विद्या ठाऊक असल्याखेरीज राखणाऱ्याला आपले काम करता येत नाही, हे त्या काळच्या राजनीतिज्ञांनी जाणले होते.

हीच गोष्ट युरोपाला एका दुकानाच्या खिडकीने शिकविली. ब्रह्मा घाटाशी केवळ नामसादृश्य असलेला जोसेफ ब्रामा नावाचा इंग्रज कारागीर होता. त्याने १७८४ साली एका नव्या कुलपाचे एकस्व घेतले. पुढे लंडनमधील पिकॅडिली भागातील दुकानाच्या खिडकीत ते कुलूप मांडून त्याने जाहीर आव्हान दिले, की जो कोणी ते उघडील त्याला २०० गिनी मिळतील. साठ वर्षांहून अधिक काळ ते बक्षीस कोणालाही मिळाले नाही. दरम्यान १८१८ साली जेरेमाया चब याने दुसरे कुलूप केले. त्याच्याशी कोणी छेडछाड केली की ते आतून अडकून बसे आणि मालकाला त्याचा सुगावा लागे.

१८५१ साली लंडनला भरलेल्या महाप्रदर्शनास आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज नावाचा अमेरिकन कुलूपकार आला. त्याने साक्षीदारांसमक्ष चबचे कुलूप सुमारे २५ मिनिटांत उघडले. नंतर तो ब्रामाच्या कुलपाकडे वळला. तिथे त्याला १६ दिवसांत मिळून ५१ तास खपावे लागले. परंतु तेही उघडले आणि २०० गिनी त्याच्या पदरात पडल्या. इंग्लंडात मोठी खळबळ माजली. ज्या कुलपांच्या भरवशावर पेढ्या आणि तिजोऱ्या निर्धास्त होत्या, ती उघडतात हे जगाला सांगणे म्हणजे चोरांना शिकवणी देणे नव्हे काय, असा प्रश्न विचारला गेला. त्यावर हॉब्जच्या पक्षाचे उत्तर सरळ होते. चोर आपल्या धंद्यात आधीच पारंगत असतात. कुलपातील दोष जर कोणाला ठाऊक नसेल, तर तो ते विकत घेणाऱ्या प्रामाणिक माणसालाच. दोष झाकल्याने धन्याचे अज्ञान तेवढे वाढते. त्या खळबळीनंतर इंग्रज कुलूपकारांनी आपली कुलपे सुधारली, हाच त्या उत्तराचा खरा पुरावा होय.

या विद्येचा निव्वळ छंद करणारेही इतिहासात आहेत. फ्रान्सचा सोळावा लुई व्हर्सायच्या राजवाड्यात गामें नावाच्या कारागिराकडून कुलपे घडविण्याचे काम शिकत असे. राज्यक्रांतीत, १७९२ साली, त्याच गामेंने राजाच्या गुप्त लोखंडी कपाटाचा ठावठिकाणा उघड केला. कुलूप टिकले, विश्वास टिकला नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लॉस अॅलामॉस येथे अणुबाँबच्या कामावर असलेला रिचर्ड फाइनमन हा भौतिकशास्त्रज्ञ सहकाऱ्यांची गुप्त कागदांची कपाटे गंमत म्हणून उघडीत असे. कपाटे उघडी ठेवली की त्यांचे आकडे कोणालाही काढता येतात, हे त्याने एका लष्करी अधिकाऱ्याला दाखवून दिले. त्या अधिकाऱ्याने कपाटे बंद ठेवण्याची शिस्त लावण्याऐवजी, फाइनमन ज्यांच्या खोलीत येऊन गेला असेल त्यांनी आपले आकडे बदलावेत, असा हुकूम काढला! रोग दाखविणाऱ्या वैद्यालाच गावाबाहेर काढण्याची ही रीत जगात सर्वत्र आढळते.

आज जर्मनी, नेदरलँड्स आदी देशांत अशा छांदिष्टांची मंडळे आहेत. हा छंद कशावर उभा आहे, हे समजावयाचे तर येल पद्धतीच्या कुलपाकडे पाहावे. लायनस येल (धाकटा) याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ते सिद्ध केले. त्यामागची कल्पना मात्र प्राचीन मिसरातील लाकडी कुलपांइतकी जुनी आहे. कुलपाच्या मध्यभागी एक फिरणारा गाभा असतो. गाभा आणि त्यावरचे कवच यांतून पाच-सहा उभी भोके आरपार गेलेली असतात व प्रत्येक भोकात दोन तुकड्यांची एक खुंटी असते. योग्य किल्ली आत गेली, की सर्व खुंट्यांचे सांधे गाभ्याच्या कडेशी जुळतात आणि गाभा फिरतो. पण सगळी भोके एका रेषेत अगदी बिनचूक पाडणे कोणत्याही कारखान्याला साधत नाही. त्यामुळे गाभ्यावर हलका ताण दिला, की सर्व खुंट्या एकदम अडत नाहीत. एक आधी अडते, ती जागेवर बसली की दुसरी. मनुष्याच्या हातून राहिलेली केसभर चूक, हीच या कलेची खरी गुरुकिल्ली होय.

यावरून नवशिक्याला हत्यारे कोणती लागतात, हे आपोआप ठरते. ताण देण्यासाठी काटकोनात वाकविलेली एक पोलादी पट्टी आणि खुंटी उचलण्यासाठी एक बारीक आकडा, ही दोन पुरेत. बाजारात तीस-तीस हत्यारांच्या चकचकीत पेट्या मिळतात. पण ती अपहारवर्म्याची पोतडी झाली, आरंभी शर्विलकाचे सूत्रच बरे. आकडा गुळगुळीत असावा, पट्टी फार जाड नसावी. पहिले कुलूप दोन-तीन खुंट्यांचे, शक्य तर आतले दिसेल असे पारदर्शक असावे. आपल्याकडच्या पुष्कळशा कुलपांत खुंट्यांऐवजी तरफा असतात. त्यांना वेगळी हत्यारे आणि मुरलेला हात लागतो. ती मागाहून घ्यावीत. बळ लावणाऱ्याला ही कला कधीच येत नाही, कारण इथे कान आणि बोटे यांचेच काम अधिक. आणि रोजच्या वापरातल्या कुलपावर हात साफ करू नये. ते बिघडले तर घरधन्यालाच रात्र ओसरीवर काढावी लागते.

महाराष्ट्राच्या भूमीवर या कथेचा निराळा अध्याय लिहिला गेला. वकिलीचा व्यवसाय सोडून आलेल्या अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईच्या लालबाग भागात एका लहानशा शेडमध्ये कुलपे करावयास आरंभ केला. परदेशी मालाच्या जोडीला बसेल अशा खात्रीने देशी कुलूप विकावयाचे, ही त्यांची प्रतिज्ञा होती. चोराने काय काय केले असते याचा विचार केल्यावाचून अशी खात्री कोणत्याही कारागिराला देता येत नाही. स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ साली झाली, तेव्हा त्याच कारखान्याने लाखो पोलादी मतपेट्या घडविल्या. त्यांचे कुलूप बाहेर न लोंबता आतच बसविलेले होते. कोट्यवधी माणसांनी आपले मत एका पेटीत टाकले आणि ती मोजणीपर्यंत कोणी उघडणार नाही, यावर विश्वास ठेवला. इतकी मोठी ठेव यापूर्वी या देशात कोणत्याही कुलपाच्या हवाली झाली नव्हती.

कायद्यानेही हा विवेक सांभाळला आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने गृहभेदाचे सहा मार्ग सांगितले, त्यांत कुलूप उघडणे हा एक होता. परंतु परक्याच्या घरात अपराधाने शिरण्यासाठी ते उघडले, तरच तो गृहभेद. त्या संहितेची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने घेतली, तरी हे तत्त्व कायम आहे. हातातील आकडा गुन्हेगार नसतो. आपले कुलूप कोणते आणि परक्याचे कोणते, हा भेद विसरणारा हात गुन्हेगार असतो.

शूद्रकाने हे फार पूर्वी दाखविले. चोरी झाल्यावर जागा झालेला चारुदत्त भिंतीतील ते भोक पाहतो आणि त्याच्या सुबक आकाराची चक्क वाखाणणी करतो. एवढेच नव्हे, तर चोर रिकाम्या हाताने गेला नाही याचे त्याला समाधान वाटते. पण गेलेले दागिने वसंतसेनेने ठेव म्हणून दिलेले होते, हे ध्यानात येताच तो मूर्च्छित होतो. कलेचे कौतुक करताना त्याची जीभ अडखळली नाही. ठेव गेली तेव्हा मात्र त्याचा धीर सुटला. शर्विलकाची विद्या त्याला खटकली नाही, विश्वासाचा भंग खटकला. कुलूप उघडावयास शिकणाऱ्या प्रत्येकाने पट्टी आणि आकडा यांच्या आधी ही एक गोष्ट गाठीस बांधावी.