सव्वा महिन्याच्या आतली एक तपासणी

आज आम्ही बोलणार आहोत कमी दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांबद्दल. पण सुरुवात जरा मागून, ऐंशीएक वर्षांपूर्वीपासून करू.

सातव्या महिन्यात झालेलं बाळ पूर्वी क्वचितच हाती लागायचं. मग काचेची पेटी आली, ऑक्सिजन आला आणि परदेशातल्या मोठ्या दवाखान्यांत अशी बाळं जगू लागली. १९४२ साली बोस्टनचे डॉ. थिओडोर टेरी यांना त्यातल्या काही बाळांच्या बाहुलीमागे पांढरा पडदा दिसला. बाळं वाचली होती, पण नजर गेली होती. पुढच्या दहा-बारा वर्षांत जगभरात सुमारे १०,००० मुलं अशी आंधळी झाली. कारण मात्र सापडेना. साधनं भरपूर असलेल्या दवाखान्यांतच हा आजार जास्त, हे आणखी एक कोडं.

१९५१ साली मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल या बाईंनी साधी गोष्ट केली. ऑक्सिजन सढळ हाताने दिलेली बाळं आणि जपून दिलेली बाळं ताडून पाहिली. सढळ हातवाल्यांत आजार कितीतरी जास्त निघाला. इंग्लंडमध्ये डॉ. मेरी क्रॉस यांनाही हाच संशय आला होता. अमेरिकेत डॉ. अर्नल पॅट्झ यांनी काही बाळांचा ऑक्सिजन कमी करून पाहायचं ठरवलं, तर तिथल्या काही नर्सबाई रात्री गुपचूप तो वाढवायच्या! डॉक्टर बाळाला मारतील, अशी त्यांना भीती. आम्हाला त्यांचा राग येत नाही. तान्हं जीव निळं पडताना कोण हात बांधून बसेल? शेवटी १९५३-५४ मध्ये १८ दवाखान्यांनी मिळून पडताळा घेतला आणि ऑक्सिजनवरच बोट ठेवलं गेलं.

मग सगळीकडे ऑक्सिजन एकदम तोडला. त्याने डोळे वाचले, पण श्वासावाचून बाळं दगावू लागली. मोजून मापून द्यायला शिकेपर्यंत बरीच वर्षं गेली.

हे घडतं कसं? डोळ्याच्या आतल्या पडद्यावर रक्तवाहिन्या मांडवावर वेल चढावा तशा हळूहळू पसरतात. नऊ महिने भरत येतात तेव्हा कुठे मांडव भरतो. बाळ आधीच जन्मलं की वेल अर्ध्यावर थांबतो आणि मग नको तिथे रानटी फुटवे फुटतात. ते पडदा ओढून सोडवतात. १९८८ साली अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीतून दिसलं, की कडेचा भाग गोठवला तर पुष्कळ डोळे वाचतात. आता हेच काम लेझरने होतं. पण वेळेवर दिसलं तरच. इथे दिवस मोजावे लागतात.

आपल्याकडे जिल्ह्याच्या दवाखान्यांत नवजात बाळांचे कक्ष झाले, बाळं वाचू लागली, आणि पाठोपाठ हा आजारही आला. कर्नाटकात २००८ पासून एक पथक कॅमेरा घेऊन जिल्ह्याजिल्ह्यांत जातं आणि डोळ्याच्या आतले फोटो बेंगळुरूला डॉक्टरांकडे पाठवतं. २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्या पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या तपासणीच्या यादीतही हा आजार आहे.

आता घरातली गोष्ट. आमच्या गटातल्या एकीची भाची सातव्या महिन्यात बाळंत झाली. बाळ पेटीतून सुखरूप घरी आलं. कागदावर डोळे दाखवायची तारीख होती, पण सव्वा महिना झाल्याशिवाय उंबरा कसा ओलांडायचा? बाहेरून डोळे टपोरे, छान. चार महिन्यांनी लक्षात आलं, की बाळ दिव्याकडे वळतच नाही. डॉक्टर म्हणाले, आता उशीर झाला.

सव्वा महिना वाईट नाही. बाळंतिणीला विसावा मिळावा, बाळाला बाहेरची बाधा होऊ नये, म्हणूनच तो आला असणार. पण बाळ ३४ आठवड्यांच्या आत झालं असेल किंवा वजन २ किलोपेक्षा कमी असेल, तर डोळ्यांची पहिली तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हावी लागते. फारच लहान बाळाची त्याहूनही आधी. म्हणजे सव्वा महिना उलटायच्या आधीच. डोळ्यांत औषध टाकून बाहुली मोठी करतात आणि आत पाहतात. बाळ रडतं, पण थोडा वेळच. एकदा पाहून भागत नाही. वेल पुरता चढेपर्यंत पुन्हा पुन्हा बोलावतात.

त्या भाचीला गेल्या वर्षी दुसरं बाळ झालं, तेही वेळेआधीच. विसाव्या दिवशी आजीनेच त्याला दुपट्यात गुंडाळलं आणि आशाताईंसोबत जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं.