दोष शोधण्याची विद्या

नांदेडहून लातूरकडे निघालेल्या प्रवाशास वाटेंत लोहा हें तालुक्याचें गांव लागतें. गांवाच्या नांवांतच लोखंडाचा ध्वनि आहे. याच तालुक्यांतील माळेगांवीं हिंवाळ्यांत खंडोबाची मोठी यात्रा भरते आणि तेथील जनावरांच्या बाजाराची ख्याति दूरवर पोंचलेली आहे. जेथें बैल आला तेथें नांगर आला, आणि जेथें नांगर आला तेथें लोहार आलाच. गांवगाड्यांत लोहार हा बलुतेदार. फाळ बोथट झाला म्हणजे कुणबी तो त्याच्याकडे नेई. लोहार भट्टी पेटवी आणि कुणब्याच्या डोळ्यांदेखत फाळ शेवटून देई. या व्यवहारांत एक गोष्ट इतकी सहज होती कीं तिच्याकडे कोणाचें लक्षच जात नसे. ती ही कीं, आउतांत काय बिघडलें आहे हें वापरणारास आणि दुरुस्त करणारास, दोघांसहि सारखेंच दिसत असे. लोखंड आपलें दुखणें लपवीत नसे.

आज त्याच मराठवाड्यांत, तालुक्यांच्या गांवींसुद्धां, संगणकाच्या आज्ञेनें लांकूड कोरणारीं यंत्रें दुकानांतून दिसूं लागलीं आहेत. दाराच्या फळीवरील ज्या वेलबुट्टीस कारागिराचे कित्येक दिवस जात, ती हें यंत्र एका दुपारीं उरकतें. पण एके दिवशीं तें अडून बसतें, पडद्यावर एक आंकडा झळकतो, आणि दुकानदार दूरच्या शहरीं फोन करून कंपनीच्या माणसाची वाट पाहत बसतो. तो आंकडा कशाचा, हें त्यास ठाऊक नसतें. त्यास तें ठाऊक व्हावें अशी तजवीजहि कोणी केलेली नसते. लोहाराच्या भट्टीपासून या मुक्या आंकड्यापर्यंत आपण कसे आलों, आणि त्या आंकड्यास बोलतें करण्याचा उद्योग कोणी केला, हें थोडक्यांत सांगण्याचा येथें विचार आहे.

आरंभ आपल्या घरापासूनच करूं. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील शिक्षकाची नोकरी सोडून लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगांवीं आले, तेथें त्यांनीं सायकलींचें दुकान चालविलें, कडबा कापण्याचें यंत्र केलें आणि १९०३ सालीं लोखंडी नांगर तयार केला. लोखंडानें जमीन नासते असा त्या काळीं शेतकऱ्यांचा समज होता, आणि पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षें लागलीं असें सांगतात. पुढें औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं जागा दिली आणि १९१० सालीं कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९४१ सालीं याच घराण्यानें हरिहर येथें लेथ तयार करण्याचा कारखाना काढला. या साऱ्या उद्योगाच्या मुळाशीं एक साधी सोय होती. नांगर काय किंवा लेथ काय, त्याच्या पोटांत झांकलेलें असें कांहीं नव्हतें. चाकांची पेटी उघडावी, दांते मोजावे, झिजलेलें चाक ओळखावें आणि तसेंच दुसरें ओतून घ्यावें. ज्याच्या अंगीं धीर व बुद्धि होती, त्यास यंत्र स्वतःच शिकवीत असे.

लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव हे १९२६ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विद्यालयाचे पदवीधर झाले. आपल्या कथेचे पुढील तीन धागे याच विद्यालयांतून निघतात.

पहिला धागा १९५२ सालचा. मिशिगन प्रांतांतील जॉन पार्सन्स हा कारखानदार हेलिकॉप्टरचीं पातीं तयार करीत असे. पात्याचा वांकडा आकार अचूक कापावयाचा, तर त्या वक्र रेषेवरील शेंकडों बिंदु गणितानें काढावे लागत. फ्रँक स्टुलेन या सहकाऱ्याच्या साह्यानें त्यानें हें गणित छिद्रांकित पत्त्यांवर चालणाऱ्या यंत्रांकडून करून घेतलें. मग एकानें आंकडे वाचावे आणि बाकीच्यांनीं यंत्राचीं चाकें तेवढीं फिरवावीं, अशी रीत चालली. आंकडे गणकयंत्रानेंच काढावयाचे, तर चाकें फिरविण्यास माणूस हवा कशाला, हा प्रश्न त्यास सुचला. अमेरिकेच्या हवाई दलानें १९४९ सालीं पैसा पुरविला, उपर्युक्त विद्यालयाच्या प्रयोगशाळेनें काम अंगावर घेतलें, आणि १९५२ सालीं छिद्रांकित फितीवरील आज्ञांनीं चालणारें कर्तनयंत्र लोकांपुढें आलें. त्याचें नियंत्रण शेंकडों निर्वात नळ्या करीत आणि त्यांची कपाटेंच कपाटें भरलेलीं होतीं.

या दिवसापासून यंत्राचे दोन भाग झाले. एक भाग लोखंडाचा, तो पूर्वींप्रमाणेंच उघडा. दुसरा आज्ञांचा, तो पेटींत बंद. पुढें नळ्या गेल्या, सूक्ष्म संगणक आले, पेटी लहान झाली; पण तिचें कुलूप मात्र अधिकाधिक पक्कें होत गेलें. कारखानदारानें नियंत्रकाची पेटी विकावी, आंतील आज्ञांची लिपी मात्र आपणाजवळ ठेवावी, हा व्यापाराचा नियमच झाला. यांत सर्वस्वी लबाडी होती असें नाहीं. लाखों रुपयांचें यंत्र अहोरात्र चालावयाचें, तर त्याच्या वर्तनाची हमी कोणी तरी घ्यावी लागते, आणि हमी घेणारा आपलें गुह्य जपणारच. परंतु परिणाम व्हावयाचा तो झालाच. यंत्रावर काम करणारा कारागीर कळ दाबणारा उरला.

दुसरा धागा याच विद्यालयांतील एका किरकोळ अडचणीचा आहे. १९८० च्या सुमारास तेथील प्रयोगशाळेंत नवें छपाईयंत्र आलें. त्यांत कागद वारंवार अडके. जुन्या यंत्राच्या वेळीं रिचर्ड स्टॉलमन या तरुण प्रणालीकारानें त्याच्या आज्ञावलींत फेरफार करून, कागद अडकला कीं लोकांस सूचना मिळावी अशी सोय केली होती. नव्या यंत्राची आज्ञावली मात्र त्यास मिळेना. दोष समोर दिसत होता, तो दूर करण्याची शक्ति होती, इच्छाहि होती. आड येत होतें तें केवळ कुलूप. या व इतर अनुभवांतून त्यानें १९८३ सालीं मुक्त आज्ञावलींची चळवळ सुरू केली. आज्ञावली कोणासहि वाचतां यावी, बदलतां यावी, आणि बदललेली दुसऱ्यास देतां यावी, हें तिचें सूत्र. एवढ्या मोठ्या चळवळीचें एक बीज कागद अडकण्यांत होतें, ही गोष्ट विसरण्यासारखी नाहीं. जें दुरुस्त करण्याची आपणांस मनाई आहे, तें खऱ्या अर्थानें आपलें नव्हे, हा विचार तेथें उपजला.

हा विचार कर्तनयंत्रांपर्यंत पोंचला तो अमेरिकन सरकारच्या द्वारें. तेथील राष्ट्रीय मानक संस्थेनें १९९० नंतरच्या दशकांत, निरनिराळ्या कारखान्यांचे नियंत्रक एकमेकांशीं जुळावे या हेतूनें एक नियंत्रण-प्रणाली तयार केली. तेथील कायद्यानें सरकारी नोकरांच्या अशा कृतीवर स्वामित्वहक्क नसतो. म्हणून ती सर्वांस मोकळी झाली. देशोदेशींच्या हौशी यंत्रज्ञांनीं ती उचलली, सुधारली, आणि लिनक्स या मुक्त प्रणालीवर तिची बैठक पक्की केली. २०११ पासून ती ‘लिनक्स-सी.एन.सी.’ या नांवानें ओळखली जाते. तिच्याहून लहान भावंड म्हणजे २००९ सालीं नॉर्वेच्या सिमेन स्कोग्सरूड या तरुणानें प्रसिद्ध केलेली ‘जीआरबीएल’. इटलींतील इव्रेया येथें २००५ सालीं जन्मलेल्या ‘आर्डुइनो’ नांवाच्या खुल्या आराखड्याच्या पाटीवर, अवघ्या ३२ किलोबाइट जागेंत, ती मावते. एके काळीं ज्यास कपाटेंच्या कपाटें लागत, तें काम आज तळहाताएवढ्या पाटीवर होतें, आणि तिची प्रत्येक ओळ वाचावयास मोकळी आहे.

तिसरा धागा पुनः महाराष्ट्रांत येतो. डॉ. श्रीनाथ कलबाग या शास्त्रज्ञानें हिंदुस्तान लिव्हरमधील मोठी नोकरी सोडून १९८३ सालीं, म्हणजे स्टॉलमनची चळवळ निघाली त्याच वर्षीं, पुणें जिल्ह्यांतील पाबळ या कोरडवाहू गांवीं विज्ञान आश्रम स्थापन केला. शाळेंत मागें पडलेल्या मुलांनीं हातानें काम करीत शिकावें, हें त्यांचें तत्त्व. २००२ सालीं, त्याच अमेरिकन विद्यालयाचे प्राध्यापक नील गर्शनफेल्ड यांच्या सहकार्यानें पाबळ येथें ‘फॅब लॅब’ सुरू झाली. त्या विद्यालयाबाहेर निघालेल्या अशा पहिल्या प्रयोगशाळांत तिची गणना होते. ज्या विद्यालयांत संगणकानें चालणारें कर्तनयंत्र जन्मलें, तेथूनच पन्नास वर्षांनीं तसलीं यंत्रें एका मराठी खेड्यांत आलीं; आणि आलीं तीं कळ दाबण्यासाठीं नव्हे, तर मुलांनीं त्यांवर स्वतःच्या वस्तु घडवाव्या म्हणून.

आतां या मोकळेपणाचा उपयोग काय, हें एका दृष्टांतानें पाहूं. समजा, लोह्याच्या एका तरुणानें असें यंत्र स्वतः जुळविलें आहे. त्यांतील स्टेपर मोटर एका फेऱ्यास २०० टप्पे घेते. चालक-मंडल प्रत्येक टप्प्याचे ८ भाग करतें. स्क्रू एका फेऱ्यास ५ मिलिमीटर सरकतो. म्हणजे १,६०० स्पंदांस ५ मिलिमीटर, अर्थात् एका मिलिमीटरास ३२० स्पंद. आतां वेलबुट्टी वांकडी येऊं लागली. तरुणानें १०० मिलिमीटर सरकण्याची आज्ञा द्यावी आणि मोजावें. दर वेळीं ९८ च भरत असतील, तर ३२० हा आंकडा कोठें तरी चुकीचा लिहिला गेला आहे. दिशा उलटतांनाच फरक पडत असेल, तर स्क्रू व नट यांत ढिलेपणा आहे. चूक हळूहळू सांचत असेल, तर मोटर टप्पे गाळीत आहे. वेग फार ठेवला, बेअरिंग घट्ट झालें, किंवा विजेचा दाब अपुरा पडला. कांहीं लागलें नसतां यंत्र ‘हद्द लागली’ म्हणून थांबत असेल, तर कर्तन-मोटरीच्या तारेंतील विजेचा गोंगाट लिमिट स्विचच्या तारेंत शिरत आहे; त्या तारा वेगळ्या कराव्या, आच्छादित तार वापरावी आणि तिचें आच्छादन एकाच टोंकास अर्थिंगला जोडावें. आणि जुना संगणकच स्पंद पाठवीत असेल, तर सेकंदाच्या लाखाव्या भागांत मोजावयाचा त्याचा विलंबहि तपासावा लागतो. कधीं कधीं वीज वांचविण्यासाठीं संगणकांत केलेली सोयच यंत्राचा ताल बिघडविते.

या परीक्षेंत विशेष तें हें कीं, प्रत्येक पायरीवर कारण व कार्य यांचा संबंध डोळ्यांनीं पाहतां येतो. वैद्य नाडी पाहून एकेक रोग बाजूस सारतो, तशीच ही रीत आहे. बंद पेटीपुढें बसलेल्या माणसास ती शिकतां येत नाहीं, कारण त्यास रोग्याच्या अंगास हातच लावूं देत नाहींत.

यावर असा आक्षेप येईल कीं, खुल्या यंत्रास वाली नसतो. बिघडलें तर जाब कोणास विचारावा? हा आक्षेप खरा आहे. मोठ्या कारखान्यांस हमी विकत घेणेंच परवडतें, आणि त्यांनीं ती जरूर घ्यावी. शिवाय फिरत्या पात्यापुढें अर्धवट ज्ञान हें जिवावर बेतणारें असतें. तात्काळ यंत्र थांबविणारी कळ केवळ आज्ञावलीवर विसंबलेली असूं नये, हा धडा खुल्या यंत्राच्या उपासकानें प्रथम शिकावा. परंतु लोह्यासारख्या गांवीं हमीचा माणूस येईपर्यंत आठ दिवस दुकान बंद राहतें. तेथें दोष शोधणारा हात जवळ असणें हीच हमी होय.

खरी अडचण मला दुसरीच दिसते. पेटीचें कुलूप उघडलें, पण आंतील ग्रंथ बहुतांशीं इंग्रजींत आहे. लिनक्स-सी.एन.सी.ची आज्ञावली वाचण्यास आज कोणाची परवानगी लागत नाहीं. तरीहि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंतून बाहेर पडलेल्या मराठी मुलास ती जवळजवळ बंदच आहे. किर्लोस्करांनीं नांगर केला आणि १९२० सालीं ‘किर्लोस्कर खबर’ हें मराठी मासिकहि काढलें. नांगराबरोबर शब्दहि गांवोगांव गेले पाहिजेत, हें त्या घराण्यानें ओळखलें होतें. आपण सुशिक्षितांनीं साहित्याच्या चर्चेंतून थोडा वेळ काढून स्पंद, टप्पा, विलंब आणि गोंगाट यांविषयीं सोप्या मराठींत लिहिलें, तर भाषेचेंहि कांहीं बिघडणार नाहीं. ‘शेवटणें’ हा शब्द कोशकारानें घडविला नाहीं. तो भट्टीपुढें बसलेल्या माणसांनीं घडविला. नवीन यंत्रापुढें बसलेलीं मुलेंहि असे शब्द घडवितील, मात्र त्यांस यंत्राचें पोट पाहूं दिलें पाहिजे.

लोहाराच्या भट्टीपुढें उभा राहिलेला कुणबी लोहारकाम करीत नसे. पण आपल्या फाळास काय झालें आहे हें त्यास कळत असे, आणि म्हणून तो फाळ त्याचा होता. नव्या यंत्राविषयींहि आपली अपेक्षा याहून अधिक नाहीं, आणि याहून कमीहि असूं नये.