श्वानशिक्षण आणि श्वानपालक : भीमेच्या खोऱ्यातील परंपरेचा विचार

श्वानशिक्षणाचा इतिहास सामान्यतः प्राण्याच्या अंगाने लिहिला जातो. कुत्र्याची जात, घ्राणशक्ती आणि शिकारीतील पराक्रम यांची नोंद होते. त्याला वागवणारा माणूस मात्र दुर्लक्षित राहतो. पाटस, दौंड व शिरूर या टापूतील परंपरा पाहता निराळा निष्कर्ष निघतो. श्वानशिक्षण हे प्रथम पालकाचे शिक्षण होय. ते देणारी व्यवस्था मोडली म्हणजे माणूस व कुत्रा या दोघांचीही हानी होते.

या प्रदेशातील मनुष्य आणि कुत्रा यांचा सहवास प्राचीन आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथील ताम्रपाषाणयुगीन वसाहत सुमारे इ. स. पू. १६०० ते ७०० या काळातील असून, गुरे व शेळ्यामेंढ्या यांच्या अस्थींबरोबर पाळीव कुत्र्याच्याही अस्थी तेथे मिळाल्या. पुढे बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासा’त वीस विनोदांपैकी एक ‘सारमेयविनोद’ म्हणून स्वतंत्रपणे वर्णिला गेला. श्वानविद्येला दरबारी ज्ञानात स्थान होते, हे त्यावरून स्पष्ट होते.

लोकजीवनात हे ज्ञान धनगरांच्या वाड्यावर टिकले. लांडग्यापासून मेंढ्यांची राखण करणारा कुत्रा पिल्लू असतानाच कळपाच्या सहवासात वाढतो. त्याला वागवणारा मुलगाही वडीलधाऱ्यांबरोबर हिंडत शिकतो. येथे शिक्षक, शिष्य आणि प्राणी एकाच तळावर राहतात. जेजुरीच्या खंडोबाच्या परिवारात कुत्र्याला मान आहे. देवाचा वाघ्या स्वतःस त्याचा कुत्रा म्हणवतो आणि कोटंब्यातील अन्न त्याच भावनेने ग्रहण करतो. धनी व कुत्रा यांच्यातील बंधनाची जाण या समाजात किती खोल होती, याचे हे द्योतक मानता येईल.

अमेरिकेतील स्कॉट व फुलर या संशोधकांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पिल्लाच्या वयाचा साधारण तिसरा ते बारावा आठवडा हा सहवास जुळण्याचा निर्णायक काळ ठरवला. धनगराची रीत या निष्कर्षाशी जुळते. पालकांसाठी वर्ग भरवण्याची चळवळही त्याच देशात वाढली. हेलन व्हाइटहाउस वॉकर यांनी १९३३ साली माउंट किस्को येथे आज्ञापालनाची पहिली चाचणी घेतली. त्यांच्या सहकारी ब्लँच सॉन्डर्स यांच्या १९४६ सालच्या पुस्तकाच्या शीर्षकाचा अर्थच असा, की कुत्र्याला शिकवण्यासाठी आधी मालकाला शिकवावयाचे आहे. सामुदायिक वर्गात इतर कुत्र्यांच्या व माणसांच्या वावरात स्थिर राहण्याचा सराव होतो. भय किंवा चावण्याची खोड असल्यास घरी जाऊन स्वतंत्र शिकवणी द्यावी लागते. दोन्हींत पालकास शिकवले जाते ते थोडके असते : बक्षीस वर्तनाच्या क्षणीच द्यावे, आज्ञेचा शब्द घरातील सर्वांनी एकच वापरावा आणि रागाने हात उगारू नये.

महाराष्ट्रात या तत्त्वाचे पालन पोलिसांच्या श्वानपथकात दिसते. पुण्यास शिवाजीनगर येथील गुन्हे अन्वेषण विभागाच्या केंद्रात ‘जंजीर’ हा लॅब्राडॉर शिकला. १९९३ च्या मुंबईतील बाँबस्फोटांच्या काळात त्याने ३,३२९ किलो आरडीएक्स शोधल्याची नोंद आहे. त्याचा मृत्यू २००० साली झाला. श्वानपथकाच्या पद्धतीत कुत्र्याबरोबर त्याचा श्वानहस्तकही घडवला जातो. सामान्य पालकास मात्र असे साहाय्य सहसा लाभत नाही.

पाटस परिसरात कालव्याचे पाणी आले, ऊस वाढला, भीमा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि चराऊ राने आक्रसली. राखणीचे काम गेले, तसे ते शिकवणारेही विखुरले. कुत्रा मात्र वस्तीवर साखळीला राहिला. बांधून ठेवलेल्या कुत्र्यास पुरेसे न फिरवणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाच्या ११ व्या कलमानुसार अपराध आहे. कायदा कर्तव्य सांगतो. ते कसे पार पाडावे, हे सांगत नाही. ही उणीव पालकांच्या वर्गांनी भरून काढावयाची असेल, तर शहरातील पाठ जसेच्या तसे गावात आणून चालणार नाही. वाड्यावरील वृद्ध मेंढपाळांचे ज्ञान, ते सांगणारे हयात आहेत तोवर, टिपून घेणे हे इतिहासाच्या अभ्यासकांचेही काम आहे.