तांबेरा, गव्हावरील
पुक्सिनिया वंशातील कवकांमुळे होणारा रोग. दुसरे नाव गेरवा. महाराष्ट्रात खोडावरील काळा व पानावरील नारिंगी तांबेरा महत्त्वाचा. मैदानी भागातील उन्हाळ्यात याचे बीजाणू तगत नाहीत, हे वनस्पतिरोगतज्ज्ञ करमचंद मेहता यांनी दाखवले. त्यामुळे काळ्या तांबेऱ्याची लागण निलगिरी व पळणी डोंगरांतून वाऱ्यावर दरवर्षी नव्याने येते. कवकाच्या लैंगिक चक्राला लागणारी बर्बेरिस झुडपे भारतात या कामी येत नाहीत, तरी उत्परिवर्तनाने नवे प्रभेद निपजतात आणि एकाच प्रतिकारक जनुकावर विसंबलेला वाण ढासळतो. जगभर भरवशाचे ठरलेले एसआर ३१ जनुकही युगांडात १९९८ साली आढळलेल्या प्रभेदापुढे निष्प्रभ ठरले. म्हणून अनेक जनुकांची जोड देणे अधिक शहाणपणाचे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या महाबळेश्वर येथील गहू गेरवा संशोधन केंद्रात वाणांवर मुद्दाम रोग सोडून त्यांची प्रतिकारक्षमता तपासतात.