धोंडीचा बेडूक

बहात्तरच्या दुष्काळात पाऊस मागायला आमच्या आळीतून धोंडी निघाली, तेव्हा मुसळाच्या मागच्या टोकाला माझा खांदा होता. पुढे कडुलिंबाचे डहाळे बांधलेला पोरगा, मुसळाच्या मधोमध फडक्यात बांधलेला बेडूक. दारोदार बायका तांब्याभर पाणी पोराच्या डोक्यावर ओतायच्या, थोडं बेडकावर शिंपडायच्या, वर सुपातून पसाभर बाजरी. विहिरीचा तळ दिसत होता, तरी ह्या पाण्याला कुणी नाही म्हटलं नाही. आमच्या देहूला दुष्काळ नवा नव्हता. 1630च्या सुमाराच्या दुष्काळात खुद्द तुकोबांची पहिली बायको अन्नावाचून गेली.

धोंडीत आजीची ताकीद एकच: बेडकाचं अंग सुकू देऊ नका. बेडूक तोंडानं पाणी पीत नाही, पोटाखालच्या कातडीतून शोषतो. म्हणजे दर दारचं पाणी देवाला पोचो न पोचो, बेडकाला पोचत होतं. त्याचे हाल व्हायचे, हेही खरं. खेळ संपला की त्याला ओढ्याकाठच्या ओलीत सोडायचं.

आमच्याकडचा एक बेडूक तर माळावरच्या मातीत राहतो. मागच्या पायांच्या तळव्यावर फावड्यासारखा टणक उंचवटा. त्यानं माती उकरत तो पाठमोरा खाली जातो आणि कोरडे महिने तिथंच काढतो. पहिल्या वळवाला एकदम वर येतो, म्हणून लोक म्हणत, बेडूक ढगातून पडले. पश्चिम भारतातल्या अशा एका जातीला 2017 साली ‘पश्चिमा’ नाव मिळालं.

अमेरिका-मेक्सिकोच्या सीमेवरच्या सोनोरा वाळवंटातला मोठा बेडूकही असाच पावसाळ्यात वर येतो. तिथल्या याकी लोकांच्या कथेत बोबोक नावाचा बेडूक वटवाघळाचे पंख लावून पर्जन्यदेवाकडे जातो आणि पाऊस मागं लावून आणतो. दोन्हीकडच्या माणसांनी एकच पाहिलं होतं: हा वर आला की पाऊस आला. आपण त्याचा उलटा अर्थ लावला, की ह्याला भिजवलं की पाऊस येईल.

आता देहूत माळावर प्लॉट पडले, अंगणात पेव्हर ब्लॉक बसले. धोंडी बंद झाली ह्याचं मला दुःख नाही. पण बेडकाला आत शिरायला माती उरली नाही, आणि त्याला मुसळाला बांधण्यापेक्षा हे वाईट आहे.