पावासाठी घेतलेला मॉल्ट

१९२० च्या दशकात अमेरिकेतल्या वाणसामानाच्या दुकानांत मॉल्ट सिरपचा पत्र्याचा डबा सर्रास मिळत असे. साधारण अडीच-तीन पौंडांचा डबा, किंमत डॉलरच्या आत. डब्यावर नि जाहिरातींत लिहिलेलं असायचं की पाव, केक, बिस्किटं, मिठाई यांसाठी हा मॉल्ट उत्तम. सोबत पाककृतींची पुस्तिकाही मिळे. इथपर्यंत सगळं सोवळ्यातलं. पण या मॉल्टचा एक प्रकार मोठा मजेशीर होता, तो म्हणजे 'हॉप्सयुक्त' मॉल्ट. आता हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं, चवीला कडू, अगदी कारल्याने लाजावं अशी. मुलांच्या बिस्किटांत ती कोण घालणार? हॉप्सचं खरं घर एकच, बियर. आणि बियरला तर देशभर बंदी होती!

बंदीची हकीकत थोडक्यात सांगतो. अमेरिकी राज्यघटनेची अठरावी दुरुस्ती जानेवारी १९१९ मध्ये मंजूर झाली आणि १७ जानेवारी १९२० पासून अमलात आली. तिच्या अंमलबजावणीसाठी व्होल्स्टेड कायदा आला. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी तो नाकारला होता, पण काँग्रेसने त्यांचा नकार ओलांडून ऑक्टोबर १९१९ मध्ये तो पारित केला. अर्धा टक्का किंवा त्याहून जास्त मद्यार्क असलेलं कोणतंही पेय 'मादक' ठरलं. ज्यांना वाटलं होतं की बंदी फक्त व्हिस्कीला लागेल, आपल्या साध्या बियरला नाही, ते बिचारे तोंडघशी पडले.

मॉल्ट म्हणजे काय हे गोव्यातल्या वाचकाला समजवायला फार कष्ट नकोत. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सुकवून दळायची. लहान मुलांसाठी आणि आजाऱ्यांसाठी केलेलं हे सत्त्व आपल्या घराघरांत होतं. मॉल्ट म्हणजे हेच, फक्त धान्य जव. मोड येताना दाण्यात असे पाचक घटक तयार होतात जे पिठूळपणाचं साखरेत रूपांतर करतात. हा सुकवलेला, भरडलेला जव साधारण ६५ अंश सेल्सियसच्या गरम पाण्यात तासभर ठेवला की गोड पाणी तयार होतं. बियरवाले त्यात हॉप्स घालून उकळतात, निववून यीस्ट टाकतात. पण तेच गोड पाणी कमी दाबाच्या भांड्यात आटवलं की दाट तपकिरी पाक होतो, रंगारूपाने थेट आपली काकवी. हा पाक डब्यात महिनोन्‌महिने टिकतो. पाणी घातलं की पुन्हा पूर्वपदावर! म्हणजे बियर बनवण्यातलं जे अवघड, मोठ्या भांड्यांचं नि तापमान सांभाळण्याचं काम, ते कारखान्यात उरकलेलं. घरी उरतं ते पाणी, साखर, यीस्ट आणि धीर.

बंदीपूर्वी अमेरिकेत हजाराहून अधिक ब्रुअरी होत्या. त्यांची तांब्याची भांडी, जवाचे कोठार, कामगार, सगळं एका रात्रीत बिनकामाचं झालं. कुणी आईस्क्रीम काढलं, कुणी थंड पेयं, कुणी बिनमद्याची 'नियर बियर'. ती लोकांना मुळीच आवडली नाही. मॉल्ट सिरप मात्र चाललं. आन्हायझर-बुशने बडवायझरच्याच नावाने मॉल्ट सिरप विकलं, १९२७ पासून पावाचं यीस्टही विकलं. म्हणजे घटक नंबर एक आणि घटक नंबर दोन, दोन्ही एकाच घरचे! घरगुती चोरट्या बियरचे देशातले सर्वांत मोठे पुरवठादार आपणच झालो होतो, असं त्या घराण्यातल्या ऑगस्ट बुश (धाकटे) यांनी पुढे हसत कबूल केल्याचं सांगतात. इलिनॉयमधल्या प्रीमियर मॉल्ट प्रॉडक्ट्सचा 'ब्लू रिबन' मॉल्ट तर रेडिओवरून घरोघरी पोचला. १९३२ मध्ये प्रीमियर आणि पॅब्स्ट ही जुनी ब्रुअरी एकत्र आल्या. मॉल्टच्या डब्यावर जगलेली कंपनी बियरच्या नावाजलेल्या घराण्याची बरोबरीची भागीदार झाली, ही त्या डब्याची ताकद.

या कंपन्यांना स्वातंत्र्यसैनिक वगैरे समजण्याचं कारण नाही. त्यांनी नफा केला, आणि पकडलं गेलं तर पकडला जाणार होता गिऱ्हाईक.

तर गिऱ्हाईक काय करायचा? एक मोठी दगडी बरणी घ्यायची, साधारण पाच गॅलन म्हणजे एकोणीस लिटर मावतील अशी. डबा गरम पाण्यात रिकामा करायचा, त्यात पौंड-दोन पौंड साखर घालायची, पाणी भरून कोमट झालं की पावाच्या यीस्टची वडी कुस्करायची. फडकं बांधून ठेवून द्यायचं. फेस ओसरला की बाटल्यांत भरायचं, प्रत्येकीत चिमूटभर साखर, म्हणजे वायू धरेल, आणि हातयंत्राने झाकण दाबायचं. पन्नासेक बाटल्या होत. खर्च दीड-दोन डॉलर. घाई करून लवकर भरल्या तर रात्री तळघरात त्या एकामागून एक फुटत. बाल्टिमोरचे प्रसिद्ध पत्रकार एच. एल. मेंकन हेही घरी बियर काढायचे आणि त्याविषयी मित्रांना अगदी अभिमानाने सांगायचे.

इथे 'स्वस्त' हा शब्द महत्त्वाचा आहे. चोरट्या व्यापाऱ्याला बियर परवडत नसे. बियर अवजड, जागा खाणारी, आणि बाटलीमागे मद्यार्क कमी. पकडले जाण्याचा धोका तोच असेल तर माणूस व्हिस्कीच नेणार. त्यामुळे बंदीच्या काळात चोरून विकली जाणारी बियर जबर महाग झाली, आणि दिवसभर कारखान्यात राबून संध्याकाळी एक ग्लास घेणारा मजूर सगळ्यात आधी वंचित झाला. श्रीमंताच्या तळघरात बंदीआधी भरून ठेवलेला साठा होता, तो कायद्याने बाळगता येत होता. गरिबाकडे होता मॉल्टचा डबा.

पण मॉल्टही काही फुकट नव्हता, आणि साखर मॉल्टपेक्षा स्वस्त. म्हणून डब्यात जेवढी बियर नीट व्हावी त्याहून जास्त पाणी आणि जास्त साखर घालण्याची चाल पडली. मद्यार्क वाढतो, पण अंग जातं. चव आंबूस, पातळ लागते. पावाचं यीस्ट आपला वास सोडतं तो वेगळाच. 'घरची बियर म्हणजे वाईट बियर' ही पुढे पन्नास वर्षं टिकलेली समजूत या काटकसरीतून जन्मली. दोष मॉल्टचा नव्हता, प्रमाणाचा होता. स्वस्तात घ्यायचं असेल तर मॉल्ट स्वस्त शोधावा, तो साखरेने वाढवू नये, हे शहाणपण त्या पिढीला परवडणारं नव्हतं.

आता कायद्याकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. व्होल्स्टेड कायद्याच्या २९ व्या कलमात घरच्यापुरता फळांचा रस आणि सायडर करणाऱ्यांना सवलत होती. शेतकऱ्यांची मतं सांभाळायला ती ठेवली असं म्हणतात. त्यामुळे द्राक्षाचा रस घरात 'चुकून' आंबला तर सरकार सहसा काणाडोळा करी. जवाच्या रसाला मात्र ही दया नव्हती. वाईनवाल्याला सूट, बियरवाल्याला तुरुंग! दुसऱ्या एका कलमाने बेकायदा दारूसाठी योजलेली वस्तू, साहित्य, कृती विकायला वा जाहिरात करायला मनाई केली. 'योजलेली' या एका शब्दावर सगळं लोंबकळत होतं. डबा पावासाठी की बरणीसाठी, हे डबा कसं सांगणार? १९३० मध्ये डॅनोव्हिट्झ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती होम्स यांच्या लेखणीतून ठरवलं की रिकाम्या बाटल्या, बुचं, पिंपं, लेबलंसुद्धा चोरट्या दारूवाल्यांना डोळ्यांसमोर ठेवून विकली तर जप्त होऊ शकतात. तरीही वाणसामानाच्या दुकानातला मॉल्ट सुटतच राहिला. घराघराच्या स्वयंपाकघरात शिपाई पाठवणं कुठल्याही सरकारच्या आवाक्यातलं नव्हतं. किती बियर घरी निघते याचा हिशेबही थेट लागत नव्हता. क्लार्क वॉरबर्टन या अर्थतज्ज्ञाने १९३२ मध्ये बंदीच्या परिणामांवर पुस्तक लिहिलं तेव्हा त्याला मॉल्ट आणि हॉप्सच्या खपावरून उलटं मोजत जावं लागलं.

आणि त्याच १९३२ साली सरकारने जे केलं त्याला तोड नाही. मंदीने तिजोरी रिकामी झालेली. जूनमध्ये नवा महसूल कायदा आला आणि त्यात मॉल्ट सिरपवर पौंडामागे तीन सेंट कर बसला. सोबत सवलतींची यादी: पाव भाजणाऱ्याला विकला तर कर नाही, मॉल्टेड दूध करणाऱ्याला नाही, औषधवाल्याला नाही, कापड गिरणीला नाही. मग राहिला कोण? ज्याच्या नावाचा उच्चारही कायद्यात नाही तो, दगडी बरणीवाला! बियर राज्यघटनेनेच निषिद्ध, पण तिच्या पाकावरचा कर सरकारला हवाहवासा. बारा वर्षं लेबल जे लपवत होतं ते करखात्याने वजनासह लिहून दिलं.

आपल्याकडच्या वाचकाला यातलं बरंच ओळखीचं वाटेल. गोव्यात माडाची सूर ही एकच वस्तू, पण तिचे संसार किती! पोदेर ती पिठात घालून पाव फुगवायचा, घरची गृहिणी तिचा शिर्का करायची, आटवली की माडाचा गूळ, भाटीवर चढवली की फेणी. अमेरिकेत पावाचं यीस्ट बियरला लागलं, आपल्याकडे पिण्याची वस्तू पावाला लागली. आणि सरकार? दारू मोजता येत नाही, झाड मोजता येतं. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज कराराने ब्रिटिश हिंदुस्थानची मिठाची मक्तेदारी नि अबकारी पद्धत गोव्यावर आली, आणि छेवलेल्या माडावरच्या कराचा भार रेंदेराच्या डोक्यावर बसला. तो करार १८९२ मध्ये संपला. मुंबई इलाख्यात १८९२ च्या मोहाच्या कायद्याने तर ठाणे-कुलाब्याकडे झाडाखाली पडलेलं मोहाचं फूल घरात साठवणंही संशयास्पद ठरवलं. जे फूल आदिवासी खातात, तेच! स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात दारूबंदी आली तेव्हा ताडामाडाच्या ताज्या रसाला 'नीरा' म्हणून प्रोत्साहन मिळालं आणि दुपारनंतरच्या त्याच रसाला गुन्हा. दोहोंत फरक काही तासांचा.

१९५१ चा 'मुंबई राज्य विरुद्ध एफ. एन. बलसारा' हा खटला याच गाठीचा. अर्जदाराचं म्हणणं होतं की व्हिस्की-ब्रँडीबरोबर ओ-द-कलोन, लव्हेंडर पाणी, औषधी वाईन यांवरही बंदी कशी? सर्वोच्च न्यायालयाने दारूबंदी कायदा सर्वसाधारणपणे उचलून धरला, पण मद्यार्कयुक्त औषधं आणि प्रसाधनं बाळगण्या-वापरण्यावरची बंदी रद्द केली. मादक पदार्थाची नुसती 'प्रशंसा' करण्यावरची मनाईही भाषणस्वातंत्र्याच्या आड येते म्हणून उडवली. अमेरिकी लेबल लिहिणाऱ्यांना हा निकाल फार आवडला असता.

अमेरिकेत ७ एप्रिल १९३३ रोजी वजनाने ३.२ टक्के मद्यार्काची बियर परत आली, आणि ५ डिसेंबरला बंदीच गेली. पण घरी बियर काढणं तेव्हाही कायदेशीर झालं नाही, वाईनला परवानगी मिळाली आणि बियर पुन्हा बाहेर. मॉल्टचा खप कोसळला. तयार बाटली मिळत असताना बरणी कोण धुणार!

डबा खरा परतला तो ब्रिटनमध्ये. तिथे १८८० मध्ये ग्लॅडस्टनने मॉल्टवरचा कर काढून बियरवर बसवला, तेव्हा घरी बियर करणाऱ्याला परवाना आवश्यक झाला. १९६३ च्या अर्थसंकल्पात रेजिनल्ड मॉडलिंग यांनी तो परवाना रद्द केला. तिथला मॉल्ट पिढ्यान्‌पिढ्या औषध म्हणून ठाऊक होता, कॉडलिव्हर तेलात मिसळून मुलांना चमच्याने भरवत. मिल्नच्या गोष्टीतला टिगर हाच मॉल्ट चापून खातो. आता बूट्ससारख्या औषधांच्या दुकानांतच घरगुती बियरचे संचही येऊ लागले. डबा साधारण चार पौंडांचा, आणि वर सूचना तीच: किलोभर साखर घाला. आजोबांची चूक छापील झाली. पुढे जाणत्यांनी साखरेऐवजी दुसरा डबा किंवा कोरडी मॉल्ट पूड घालायला सांगितलं, तेव्हा कुठे चव सुधारली.

अमेरिकेत जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये सही केली आणि १ फेब्रुवारी १९७९ पासून केंद्राच्या कायद्याने घरची बियर करमुक्त झाली: एकट्या प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त प्रौढांच्या घराला २००. विकायची मात्र नाही. राज्यांचं राज्यांनी ठरवायचं होतं, आणि अलाबामा व मिसिसिपी ही शेवटची दोन राज्यं २०१३ पर्यंत अडून बसली. आपल्याकडे अबकारी परवान्याविना घरी बियर काढणं गुन्हाच आहे. अलाबामात मॉल्टचा डबा मात्र आधीही विकत मिळत होता, पावासाठी.